कानाडोळा

लाइट गेली की आमच्या फुलसावंगीत माणूस आधी मेणबत्ती शोधत नाही. आधी दारात येतो आणि शेजारच्या घराकडे बघतो. तिकडेही अंधार असला की जीव भांड्यात पडतो. सगळ्यांचीच गेली, येईल. पण शेजारी बल्ब पेटलेला दिसला तर पोटात गोळा येतो. म्हणजे फक्त आपलीच गेली. बिल राहिलं का? वायरमनने कापली का? कोणी काही सांगितलं का?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून मी मोबाइलवर एक सिनेमा बघत होतो. त्यात एक नवरा-बायको पार्टीहून घरी येतात. घरात लाइट नाही. आजूबाजूच्या घरांत मात्र दिवे आहेत. मी तिथेच ताठ बसलो. कुठे प्राग, कुठे फुलसावंगी! पण त्या माणसाच्या पोटात काय झालं असेल, ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सिनेमाचं नाव 'उखो'. चेक भाषेत उखो म्हणजे कान. दिग्दर्शक कारेल काखिन्या, कथा यान प्रोखाझ्का यांची, साल १९७०. ब्लॅक अँड व्हाइट, साधारण दीड तासाचा. पुण्यात सिनेमाचा अभ्यास करणाऱ्या एका मित्राने तो पाठवला होता. 'तू कॅमेरे बसवतोस ना, मग हा बघच,' एवढंच त्याने सोबत लिहिलं होतं. त्याने गमतीत पाठवला. मला मात्र तो पुढे दोन महिने पचला नाही. का, ते सांगायचं तर दुकानापासून सुरुवात करावी लागेल.

*

फुलसावंगी यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात आहे. कापूस, सोयाबीन, तूर. बाहेरच्या लोकांना आमचं गाव माहीत असलंच तर हेलिकॉप्टरमुळे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये गावातला एक तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पंख्याचं पातं लागून गेला. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. गावाने त्याची किती दिवसांची खटपट बघितलेली होती, देशाने त्याचा शेवटचा मिनिट बघितला. दोन्हीला 'बघणं'च म्हणतात.

माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. डिस्प्ले बदलणं, चार्जिंग पिन बसवणं, रिचार्ज, परीक्षेचे फॉर्म, पीक विम्याचा अर्ज, सातबारा काढून देणं, सगळं चालतं. लोक फोन काउंटरवर ठेवतात आणि पॅटर्न हवेत बोट फिरवून दाखवतात. पिन मोठ्याने सांगतात, मागे चार जण उभे असताना. ओटीपी आला की स्वतः वाचत नाहीत, फोनच माझ्याकडे सरकवतात. फोन दुरुस्त करणाऱ्याला गावातलं किती कळतं, ते डॉक्टर आणि न्हावी सोडून दुसऱ्या कोणाला सांगून पटणार नाही.

पाच-सहा वर्षांपासून सीसीटीव्हीची कामं वाढली. आधी कृषी केंद्रं आणि सोन्याची दुकानं, मग घरं. त्याच्या मागोमाग आणखी एक काम आलं. ते कोणी थेट सांगत नाही. माणूस गर्दी ओसरेपर्यंत थांबतो, काउंटरवर कोपर टेकवतो आणि हळूच विचारतो, "तिच्या फोनातलं माह्या फोनात दिसन, असं काही करता येते का?" ती म्हणजे बायको, कधी मुलगी. मी दोघा-तिघांना करून दिलं. वेगळे पैसेही घेतले नाहीत. स्क्रीन गार्ड लावून द्यावा तसं करून दिलं.

आणि एकदा स्वतःच्या घरासाठी केलं.

२०२२ मध्ये माझी धाकटी बहीण बी.एस्सी. करून स्पर्धा परीक्षेच्या तयारीला अमरावतीला निघाली. आमच्या घरातून शिकायला एवढ्या लांब जाणारी ती पहिली मुलगी. त्या वर्षी कापसाला कधी नव्हे तो भाव मिळाला होता, म्हणून हे जमलं. ती निघायच्या आदल्या दिवशी बाबा दुकानात आले. बाबा एरवी दुकानात येत नाहीत. स्टुलावर बसले, चहा नको म्हणाले, जाताना म्हणाले, "लक्ष ठेवजो बाबू." कशावर, कसं, ते काही नाही. मीही विचारलं नाही.

तिचा नवा फोन माझ्याच दुकानातला होता. रात्री घरी त्यात सिम टाकून देताना मी तिचं व्हॉट्सअॅप माझ्या लॅपटॉपला जोडलं. फोन घ्यायचा, क्यूआर कोडसमोर धरायचा, झालं. अर्धा मिनिटही लागत नाही. ती तेव्हा आत मायजवळ बसून चिवडा डब्यात भरत होती.

चौदा महिने मी तिचे मेसेज वाचले. रोज नाही वाचत, असं स्वतःला सांगत रोज वाचले. काही वावगं सापडलं नाही. 'आज लायब्ररीत नऊ तास बसले.' 'मेसचं जेवण ठीक आहे.' 'टेस्टमध्ये मार्क वाढले.' कधी कधी मी स्क्रीनशॉट काढून ठेवायचो, बाबांनी विचारलंच तर दाखवायला. बाबांनी कधी मागितले नाहीत. रात्री जेवताना फक्त माझ्याकडे बघून म्हणायचे, "बरं आहे ना?" मी म्हणायचो, "बरं आहे." तेवढ्यावर ताट पुढे सरकायचं.

२०२३ च्या दिवाळीत ती परत आली. परीक्षा आता द्यायची नाही म्हणाली, आणि नागपूरला एका लॅबमध्ये नोकरीला लागली. तिने फोन बदलला, जोडणी आपोआप तुटली. काम नीट पार पडलं असं मला वाटलं.

*

'उखो'ची गोष्ट एका रात्रीची आहे. काळ १९५० च्या दशकातला, चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट राजवट आहे. लुडविक सरकारात उपमंत्री आहे, आना त्याची बायको. प्रागच्या किल्ल्यातल्या सरकारी पार्टीहून दोघं परत येतात तेव्हा घरात लाइट नाही, फोन मुका झालाय. लहान मुलगा आत झोपलाय. पार्टीत लुडविकच्या कानावर आलेलं असतं की त्याच्या खात्याच्या मंत्र्याला अटक झाली आहे. मग आता पाळी आपली का? तो रात्रभर पार्टीतला एकेक चेहरा आठवत राहतो. कोण हसला होता, कोणी नजर चुकवली होती, कोण काय बोलून गेला. संडासात उभा राहून कागद जाळतो. बाहेर बागेत माणसं दिसतात.

आना प्यायलेली आहे. त्या रात्री त्यांच्या लग्नाला दहा वर्षं झालेली आहेत आणि ते नवऱ्याच्या लक्षात नाही. ती टोमणे मारते, जुनं उकरून काढते. तो तिला गप्प करतो, कारण घरात मायक्रोफोन आहेत हे दोघांना माहीत आहे. ते त्याला 'कान' म्हणतात, घरातल्या एखाद्या तिसऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं. कुठे काय बोललं तर चालतं, याचं त्यांनी गणित बसवलेलं आहे.

मग रात्रीच लुडविकचे सरकारी दोस्त टोळीने घरात घुसतात, पितात, धिंगाणा घालतात, जातात. बरं, अटक तर झाली नाही! दोघांना हायसं वाटतं. आणि मग कळतं की जिथे कान नाही असं समजून इतकी वर्षं आपण बोलत होतो, तिथेही तो आहे. सकाळी फोन वाजतो. लुडविकला अटक होत नाही. त्याला मंत्री केलेलं असतं. आनाला भीती वाटते, आणि तिथे सिनेमा संपतो. शेवट सांगितला म्हणून रागावू नका, तो माहीत असूनही मी हा सिनेमा तीनदा बघितला.

याआधी मी 'द लाइव्ज ऑफ अदर्स' हा जर्मन सिनेमा बघितला होता. २००६ चा, ऑस्कर मिळालेला. त्यात पूर्व जर्मनीतला एक गुप्त पोलीस माळ्यावर हेडफोन लावून एका लेखकाच्या घरातलं ऐकतो, आणि ऐकता ऐकता चांगला माणूस होतो, त्या लेखकाला वाचवतो. मला तो फार आवडला होता. आता कळतं, का आवडला होता. ऐकणाऱ्यासाठी त्या सिनेमात एक खुर्ची आहे, तिच्यावर मी आरामात बसलो होतो. 'उखो'मध्ये तशी खुर्चीच नाही. हेडफोन लावलेला माणूस एकदाही दिसत नाही. ऐकलं जातं ते घर तेवढं दिसतं.

सिनेमा तयार होताच त्यावर बंदी आली. १९६८ च्या ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरलेले होते, त्यानंतर असला सिनेमा कोण लावू देणार? कथा लिहिणारे प्रोखाझ्का स्वतः कम्युनिस्ट पक्षातले, एकेकाळी सत्तेच्या अगदी जवळ होते. त्यांनी कल्पनेतून लिहिलं ते त्यांच्यावरच आलं. एका प्राध्यापक मित्राशी त्यांच्या खासगी गप्पा गुप्त पोलिसांनी रेकॉर्ड केल्या होत्या, त्या १९७० मध्ये लोकांना ऐकवण्यात आल्या. मित्राजवळ माणूस जसं बोलतो तसंच ते बोलले होते. चारचौघांत ऐकवलं की तेच भयंकर वाटतं. १९७१ च्या फेब्रुवारीत, बेचाळीस वर्षांचे असताना, ते कॅन्सरने गेले. १९८९ मध्ये राजवट पडली आणि १९९० मध्ये हा सिनेमा फ्रान्सच्या कान महोत्सवात स्पर्धेत दाखवला गेला. 'कान' शेवटी कानमध्ये पोचला. हा विनोद मराठीत होतो, आणि प्रोखाझ्का तो ऐकायला नव्हते.

*

तिसऱ्यांदा बघताना माझं लक्ष आनाकडे होतं. समोर नवरा आहे, पण प्रत्येक वाक्य आणखी कोणाला तरी ऐकू जाणार हे तिला ठाऊक आहे. मग काही वाक्यं नवऱ्यासाठी उरतच नाहीत. मी मोबाइल खाली ठेवला. मला एकदम 'आज लायब्ररीत नऊ तास बसले' आठवलं.

कुठली मुलगी मैत्रिणीला असं लिहिते? किती तास अभ्यास केला याचा हिशेब मैत्रिणीला कोण देतं? माझी बहीण मेसेजमध्ये कधी पूर्ण वाक्य लिहीत नाही. तिचं 'हो' म्हणजे 'ह', 'नाही' म्हणजे 'न'. आणि त्या चौदा महिन्यांत पूर्णविरामसुद्धा जागच्या जागी होते. दुकानात दिवसाला पन्नास लोकांचे फोन हातात घेणाऱ्या मला हे दिसलं नव्हतं. कारण मी काही तरी वाईट शोधत होतो, आणि ते सापडत नाही म्हणून खूश होतो.

राखीला ती घरी आली. मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी ती ओट्यावर बसून शेंगा सोलत होती, तेव्हा शेजारी बसलो आणि सांगून टाकलं. तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"मले माहीत होतं, दादा."

"कधीपासून?"

"पहिल्याच महिन्यात. लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये तुहा लॅपटॉप दिसत होता ना."

"मंग लॉगआउट काऊन नाही केलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. "केलं असतं, तर तू बाबाले काय सांगतलं असतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने लॉगआउट केलं असतं तर मी तेच सांगितलं असतं: काही तरी लपवते आहे. कान घरात आहे हे माहीत असणं एक, आणि ते माहीत आहे असं दाखवणं दुसरं. लुडविक आणि आनाही कान उपटून फेकत नाहीत. उपटला तर उपटल्याचा आवाज ऐकू जाईल.

मग तिने सांगितलं, थोडं थोडं. खरं बोलायचं ते ती रूममेटच्या फोनवरून बोलायची. माझ्यासाठी वेगळं लिहायची, दिवसातून तीन-चार मेसेज, मैत्रिणीला सांगून ठेवलेलं होतं. २०२३ च्या पावसाळ्यात ती आठ दिवस तापाने पडून होती. मैत्रिणींनी दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. त्या आठ दिवसांतले मेसेज मला आठवत होते. एकात टेस्टचे मार्क होते, दुसऱ्यात मेसमधल्या पोह्यांची तारीफ होती. ते तिने पडून लिहिले होते.

"सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तर बाबानं घरी आणलं असतं. मले घरीच याचं होतं दादा. पण असं नाही."

अभ्यासात मन लागत नाही, हे तिला पहिल्या सहा महिन्यांतच कळलं होतं. ते कोणाला तरी सांगून मोकळं व्हायचं होतं. माझ्याशी बोलावं असं वाटायचं, म्हणाली. पण मी आधीच ऐकत होतो, मग सांगणार कसं?

चौदा महिने मी तिच्यावर लक्ष ठेवून होतो, आणि त्याच चौदा महिन्यांत आमच्या घरात तिच्याबद्दल सगळ्यात कमी माहिती मला होती. मायलासुद्धा माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. माय शेतात मोटारीजवळ उभी राहून काकूच्या फोनवरून तिच्याशी बोलायची. मोटारीच्या आवाजात. हे मायला कोणी शिकवलं असेल?

संध्याकाळी बहीण म्हणाली, "तुह्याजवळ काय काय आहे ते दाखव." चेकोस्लोव्हाकियातलं गुप्त पोलीस खातं १९९० मध्ये बंद झालं आणि १९९६ च्या कायद्याने तिकडच्या लोकांना स्वतःच्या फायली बघता येऊ लागल्या. आमच्या घरात ते लॅपटॉप उघडून झालं. एका फोल्डरमध्ये एकसष्ट स्क्रीनशॉट होते. तिने सगळे वाचले. एक-दोन ठिकाणी हसली, "हे पाय, इथं किती खोटं लिवलं मी." मग हसू थांबलं. तिने फोल्डर डिलीट केलं, रिसायकल बिनमधूनही काढलं. लॅपटॉप माझ्याकडे परत देताना म्हणाली, "माहे ते दिवस कुठंच नाही राहिले. तुह्याजवळ खोटे होते, माह्याजवळ मी काही ठेवलेच नाही."

*

रात्री मायला विचारलं, मोटारीजवळ जाऊन बोलायचं कसं सुचलं? ती म्हणाली, "तुह्या आबाजीचं ऐकलं होतं."

आबाजी १९७५ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. आमचा भाग वसंतराव नाईकांचा. पुसदजवळचं गहुली हे त्यांचं गाव, १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत ते मुख्यमंत्री होते. त्यांच्यानंतर आले ते शंकरराव चव्हाण, पैनगंगेपलीकडच्या नांदेडचे. दोन्हीकडून सरकार म्हणजे घरचीच माणसं, विरुद्ध बोलायची कोणाची छाती? त्याच डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत व्यासपीठावरून उघड बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. आबाजी तेवढे धीट नव्हते. मागे पाच लेकरं होती. ते रात्री गोधडीत रेडिओ घेऊन बीबीसीची हिंदी बातमी ऐकायचे. ऐकणं काही गुन्हा नव्हता, पण मास्तरची नोकरी आणि एखादी बदली यांत अंतर किती असतं?

आता गावात पोलीस पाटील असतो. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार गावात काय चाललंय ते वर कळवणं हे त्याचं कामच आहे. म्हणजे सरकारचा अधिकृत कान, खुर्चीवर बसलेला, सगळ्यांना माहीत असलेला. एका रात्री आबाजींचा रेडिओ गोधडीतून जरा मोठा झाला. बाहेर रस्त्याने पोलीस पाटील चालले होते. ते थांबले, खाकरले आणि ओट्याजवळ येऊन म्हणाले, "मास्तर, खोकला लई वाढला तुमचा. पांघरूण नीट घेत जा." आणि निघून गेले. आबाजींनी आवाज कमी केला. वर काही गेलं नाही. पुढे कितीतरी वर्षं दोघं पारावर बसून पान खायचे, पण त्या रात्रीचं कधी बोलले नाहीत.

मराठीत कानाचे वाक्प्रचार किती! कान भरणं, कान टवकारणं, कानोसा घेणं, हलक्या कानाचा, भिंतीलाही कान असतात. हे सगळे ऐकण्याबद्दलचे. पण एक शब्द असा आहे जो ऐकू आलेलं सोडून देण्याबद्दल आहे: कानाडोळा. शाळेत तो निष्काळजीपणाच्या अर्थाने शिकवतात. पण गावात राहणाऱ्याला त्याचा दुसरा अर्थ माहीत असतो. मातीच्या भिंती, लागून लागून घरं. कोणाच्या घरात भांडण झालं, कोण रडलं, कोणाचा जावई रुसून गेला, सगळं सगळ्यांना ऐकू येतं. तरीही सकाळी नळावर माणसं एकमेकांकडे बघू शकतात, कारण रात्री ऐकलेलं कोणी तोंडावर आणत नाही. गाव कानांवर चालत नाही, कानाडोळ्यावर चालतं. आणि जिथे गावाने कानाडोळा केला नाही, तिथे माणसं गाव सोडून गेली, मुलींची शिक्षणं थांबली, हेही मी बघितलं आहे.

मशीनला हे जमत नाही. डीव्हीआर सगळं साठवतो. लॅपटॉपवर उघडलेला मेसेज खाकरून पुढे जात नाही. मला मात्र जमलं असतं. पोलीस पाटलांना नोकरीची भीती होती, तरी ते खाकरले. मला तर कोणाचीच भीती नव्हती.

*

त्या दिवसांत मी कायदा वाचून काढला. सरकारला कोणाचा फोन ऐकायचा असेल तर १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात तशी तरतूद होती, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएलच्या खटल्यात सांगितलं की गृहसचिवाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश हवा, तो दोन महिनेच चालेल, वाढवला तरी सहा महिन्यांपुढे नाही, आणि त्या आदेशाची तपासणी करायला समिती हवी. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. हे सगळं पाळलं जातं का, हा प्रश्न आहेच. २०२१ मध्ये पेगॅससचं प्रकरण निघालं. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत काही तरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच आहे असं ठामपणे म्हणता आलं नाही. तेव्हा दुकानात आम्ही त्यावर तावातावाने बोलायचो. सरकार लोकांचे फोन ऐकते म्हणजे काय! पुढच्याच वर्षी मी क्यूआर कोड समोर धरला.

सरकारला निदान कागद लागतो. भावाला कुठला आदेश लागतो? दोन महिन्यांनी माझी मुदत संपली नाही. माझी तपासणी करायला समिती नव्हती. आणि एक कलम वाचून तर मी लॅपटॉप बंद केला. बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा मेसेजच्या वापरावर पाळत ठेवणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. २०१३ पासून भारतीय दंड संहितेत ३५४ ड होतं, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७८ आहे. पहिल्या वेळेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. माझ्या काउंटरवर कोपर टेकवून हळूच विचारणाऱ्या कोणालाच हे माहीत नसणार. मलाही नव्हतं. आम्हाला वाटत होतं, आपण काळजी घेतो आहोत.

ज्यांना करून दिलं होतं त्यांतले दोघं परत दुकानात आले, तेव्हा मी त्यांना गुपचूप सांगितलं, काढून टाका. एकाने काढलं. दुसरा म्हणाला, "तुह्याच हातानं लावलं ना बे?" आणि गेला. कानाला खडा लावून मी तेव्हापासून ते काम बंद केलं आहे. मागच्या महिन्यात एक जण आला, त्याला कलम ७८ सांगितलं. तो हसला आणि दुसऱ्या दुकानात गेला. तिथे त्याचं काम झालं असणार.

बाबांना मी हे सगळं सांगितलेलं नाही. बहीण म्हणाली, नको सांगू, त्यांना झोप नाही लागायची. पण जेवताना ते अजून माझ्याकडेच बघतात. बहीण नागपूरला आहे, मोठी झाली आहे, स्वतः कमावते, तरी सवय गेली नाही. परवाही बघितलं.

"बरं आहे ना तिचं?"

"मले नाही माहीत, बाबा. तिलेच फोन लावा ना."

ते जरा वेळ गप्प राहिले. हात धुतला, धोतराला पुसला. फोन हातात घेतला, नंबर शोधायला वेळ लागला, चष्मा आणायला आत गेले, परत आले. मग लावला. तिकडून आवाज आला तसे ते एकदम मोठ्याने बोलायला लागले, जुनी माणसं बोलतात तसे. पाऊस कसा आहे, सोयाबीनला शेंगा किती धरल्या, जेवली का. मग आवाज हळू झाला.

मी ताट उचललं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. भिंत एका विटेची आहे, सगळं ऐकू येत होतं. मी रस्त्याकडे बघत राहिलो.